आधी काटा, मग अंगठा

मागच्या महिन्यात रेशनच्या दुकानात एक नवी सून माझ्या पुढं उभी होती. लासूर स्टेशनकडची पोरगी, आमच्या वस्तीत लग्न होऊन आलेली. तिचा नंबर आला तसा तिनं सवयीनं अंगठा मशीनकडं नेला. मागच्या बाया एकदम ओरडल्या, "ए बाई, थांब! आधी काट्यावर बघ." ती दचकली. मला म्हणाली, "आजी, इथं असं का करतात? आमच्याकडं तर आधीच अंगठा घेतात."

"इथंही घेत होते," मी म्हटलं. "हौसानं मोडलं ते."

"हौसा कोण?"

हातात रिकामी पिशवी धरून लाईनीत तेवढं सगळं कुठं सांगत बसणार. म्हणून लिहून काढते.

हौसाबाई साळवे माझी समोरची शेजारीण. तिचं दार आणि माझं दार यांच्या मध्ये एक गटार आणि एक नळ, एवढंच अंतर. बाई उंच, हाडापेरानं मोठी. आवाज असा की नळावर बोलली तर मागच्या गल्लीत ऐकू जायचं. हळू बोलणं तिला येतच नव्हतं. काही गुपित सांगायचं असलं तर ती आवाज तेवढाच ठेवायची आणि फक्त मान खाली घालायची. तिच्या पोटात काही राहिलं नाही याचं कारण पोट नव्हे, आवाज.

चहा ती पार थंड झाल्यावर प्यायची. गरम चहा घाईची माणसं पितात म्हणायची. सातवी शिकलेली होती. मी चौथी. हे ती मला विसरू देत नव्हती.

मला ती पाटलीणबाई म्हणायची. आमच्या सासरी जमीन होती, ती भावकीत वाटून संपली, मुलगा कंपनीत लागला आणि मी शहरात आले. त्यात पाटीलकी कुठं उरली होती? पण हौसानं मला पाटलीणबाई केलं ते केलंच. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते मी तिला विचारलं नाही. मी तिला सरळ हौसा म्हणायची. एकदा नळावर तिनं मला अडवलं.

"मी तुला पाटलीणबाई म्हणते. तू मला काय म्हणतीस?"

"हौसा."

"म्हंजी मान मीच द्यायचा व्हय?"

"मग काय म्हणू?"

"साळवेमॅडम म्हण."

त्यानंतर आमचं भांडण झालं की मी तिला साळवेमॅडम म्हणायची. बरेचदा म्हणावं लागलं.

तिचा कुणावर विश्वास नव्हता. गॅसवाला सिलेंडर घेऊन आला की त्याला काटा लावून वजन करायला लावायची. डोळे तपासायचं शिबिर भरलं होतं, तिथं डॉक्टरनं समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. हौसा म्हणाली, "आधी तुम्ही वाचा. मग मी सांगते बरोबर हाय का." निम्म्या वेळा तिचा संशय खोटा निघायचा. माझ्या सुनेनं तिची दोरीवरची चादर उचलली म्हणून तिनं एकदा गल्ली गोळा केली होती. चादर तिच्याच पलंगाखाली निघाली. माफी मागायची तर बाजूलाच राहिली. म्हणाली, "या वेळी नव्हतं. पुढच्या वेळी असंल." माझी सून तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती, आणि सुनेचं काही चुकलं नव्हतं.

आता रेशनचं. ज्यांना रेशन लागत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी कार्डावर लिहून धान्य मिळायचं. आता मशीन आहे. मशीनवर अंगठा टेकवला की सरकारकडं नोंद होते, या बाईनं या महिन्याचं धान्य घेतलं म्हणून. अंगठा म्हणजे सही. एकदा ती झाली की धान्य खरंच तुमच्या पिशवीत पडलं का, हे मशीन विचारत नाही.

आमच्या दुकानात त्यातून एक रीत पडली होती. अंगठ्याचा दिवस वेगळा, धान्याचा दिवस वेगळा. दुकानदार, त्याला आम्ही शेठ म्हणायचो, सांगायचा की मशीनला रेंज सकाळचीच असते, माल अजून उतरायचाय, आज अंगठे देऊन जा, परवा येऊन धान्य न्या. आणि आम्ही द्यायचो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. अंगठ्याच्या दिवशी लाईन भराभर सरकायची. बाया हातातलं काम टाकून येत, अंगठा टेकवत आणि पळत. आम्हाला ती आपली सोय वाटायची. शेठ बोलायला गोड. प्रत्येकीला आई नाहीतर मावशी. उन्हाळ्यात दुकानाच्या दारात पाण्याचा माठ ठेवायचा. मग धान्याच्या दिवशी तांदूळ कमी भरला की म्हणायचा, "वरूनच कमी आलाय मावशी, मी तरी काय करू?" आम्ही म्हणायचो, फुकटाचं आहे, मिळतंय ते घ्या.

हौसासुद्धा हेच म्हणायची. मुद्दाम लिहिते, नाहीतर वाटेल की ती पहिल्यापासून शहाणी होती. गॅसवाल्याला वजन करायला लावणारी बाई रेशनचा अंगठा आमच्यासारखाच मुकाट्यानं टेकवून यायची.

फिरलं ते नसीमबीमुळं.

नसीमबी गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहते. जन्मभर गोधड्या शिवल्या आणि लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासली. नवरा गेला. पोरगा कुठं आहे ते तिलाही माहीत नाही. तिचं कार्ड सगळ्यात गरिबांचं, पिवळं. आमच्या घरात रेशन आलं नाही तर मुलगा किराणा दुकानातून गहू आणेल. नसीमबीकडं रेशन आलं नाही तर चूल पेटत नाही. भांड्यांच्या राखेनं तिची बोटं एवढी घासली गेली होती की मशीनला त्यावर काही सापडायचंच नाही. त्या महिन्यात शेठनं तिला पुन्हा पुन्हा अंगठा टेकवायला लावला आणि प्रत्येक वेळी सांगितलं, "नाही लागला, उद्या या." ती रोज जाऊन येत होती. महिना संपता संपता ती रिकामी पिशवी घेऊन नळाजवळ येऊन उभी राहिली.

"काय झालं गं?" हौसानं विचारलं.

"बोल रा, तुम ले को गए," नसीमबी म्हणाली. "मैं कब ले को गई मां? मैं भूल भी गई तो पेट कू तो याद रहता ना?"

हौसानं हंडा नळाखाली तसाच सोडला आणि चालू लागली. मी नळ बंद केला आणि नसीमबीला घेऊन मागोमाग गेले.

दुकानात गर्दी नव्हती. हौसा म्हणाली, "शेठ, हिचं धान्य कुठंय?"

शेठनं चष्मा काढून पुसला. "मावशी, मशीन सांगतंय. दिलेलं आहे."

"मशीननं दिलं का तू दिलं?"

"मशीन खोटं बोलंल का?"

"मशीन एवढंच सांगतंय की हिचं बोट लागलं. बोट लागलं हे तू हिला सांगितलंस का?"

"गर्दी असते हो. नेलं असंल आणि विसरल्या असतील. वय झालंय त्यांचं."

तेव्हा नसीमबी पुढं झाली. "हौ, मैं बुड्ढी. तू तो जवान है ना, तेरेकू याद होंगा. कौनसी थैली में डाला?"

"कापडी पिशवी होती."

नसीमबीनं हातातली पिशवी वर धरली. खताच्या प्लास्टिकच्या गोणीची शिवलेली होती. "मेरे पास येकीच हे ये," ती म्हणाली.

शेठनं पिशवीवरची नजर काढून घेतली. पण धान्य दिलं नाही. माझ्या सुनेनं फोन लावून तक्रार केली. हौसासाठी नाही, नसीमबीसाठी. तक्रारीचा नंबर मिळाला, चौकशी करू म्हणाले. तोवर गल्लीनं नसीमबीला पीठ पुरवलं. ती घ्यायची, पण दारात उभं राहून, पदराखाली झाकून. पीठ आणून देणाऱ्या पोरीला आत बसवून चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. साखर कुठून आणत होती तिलाच माहीत.

दुकानात गेलो त्याच दिवशी दुपारी हौसा माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा थंड होण्याची वाट बघत मान खाली घातली, म्हणजे काहीतरी गुपित होतं. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते सांगितलं.

हौसा बरीच वर्षं चितेगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती. आधी पोळ्या लाटायची, मग कुपनं गोळा करायला बसली. ठेकेदार तिला सांगायचा, सकाळी गेटवरच पोरांची जेवणाची कुपनं घेऊन टाक, दुपारी गर्दी नको. पोरं खुशीनं द्यायची. आणि दुपारच्या पाळीला शेवटी येणाऱ्यांना भाजी संपलेली असायची, पोळ्या मोजून दोन. पोरं तक्रार करायला गेली की ठेकेदार कुपनांची थप्पी दाखवायचा. कुपन आहे म्हणजे जेवलात.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय? मी म्हणायची, 'जेवून गेलास की रं. विसरलास.' आज शेठ जे बोलला ना, शब्दाला शब्द." तिनं ग्लास तोंडाला लावला, गरम लागला, खाली ठेवला. "मला नोकरी पाहिजे होती. दोन पोरी होत्या पदरात. आता मला रडू येतंय का बघू नको, येत नाय. मला एवढंच सांगायचंय की कुपनाची गरज त्या पोरांपेक्षा ठेकेदाराला जास्त होती. कुपनं नसती तर त्याचं बिलच निघालं नसतं. एका दिवशी सगळ्यांनी कुपनं खिशात धरली असती आणि म्हणलं असतं, आधी ताट दाखव, तर त्याचा घाम निघाला असता. पण त्यांना ते कळलं नाय, आणि मी सांगितलं नाय."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता शेठला आपला अंगठा लागतोय म्हणून तर तो आधी मागतोय. नाय द्यायचा. धान्य काट्यावर पडल्याशिवाय नाय द्यायचा."

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं हे सगळ्यांना सांगितलं. बायांना पटलं नाही. एकीनं विचारलं, असं केलं तर प्रत्येकीला किती वेळ उभं राहावं लागेल? कामावर कोण जाणार? दुसरी म्हणाली, फुकटाच्या धान्यासाठी कशाला वाकडं घ्यायचं. त्यावर हौसा उसळली. "फुकट कसलं गं? माझ्या नावानं आलंय ते. माझ्या नावानं आलेलं पत्र पोस्टमननं फोडलं तर चालंल का तुला?" तिसरी हळूच म्हणाली, "तुम्हाला सगळ्यातच चोरी दिसती हौसाबाई. चादरीचं काय झालं होतं?" सगळ्या हसल्या. हौसाही हसली. म्हणाली, "चादर माझीच होती, माझ्याच घरात होती. नसीमबीचा गहू तिच्या घरात हाय का, जाऊन बघा." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

अंगठ्याचा दिवस आला. आमच्या गल्लीतल्या बाया दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, आधी धान्य. शेठ हसला. "नका देऊ. महिना संपला की तुमचंच जाईल. मला काय?" दुसऱ्या गल्ल्यांनी अंगठे दिले. आम्ही रोज जायचो, विचारायचो, परत यायचो. माल उतरलेला दिसत होता, पोत्यांची रास आतल्या भिंतीला लागली होती. शेठ म्हणायचा, अंगठा द्या, लगेच देतो. हौसा म्हणायची, लगेचच द्यायचंय तर काट्यावर ठेव.

असं करता करता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी घेतलं नाही तर त्या महिन्याचं धान्य गेलं. सगळ्या सकाळीच पिशव्या घेऊन दुकानासमोर बसल्या. ऊन चढलं तशी कुजबूज सुरू झाली. एकीचं लेकरू रडत होतं, एकीला कामावरून फोन येत होते. कुणीतरी म्हणालं, हिच्या नादानं महिना जातोय. ते खोटं नव्हतं. मीच हौसाला म्हटलं, "आमचं एक सोड. नसीमबीचा मागचा महिना गेला. हाही गेला तर तिनं काय खायचं? तुझा हट्ट?"

हौसा गप्प बसली. तिला गप्प बसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

शेठला हे दिसत असणार. तो दारात आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नसीमबी, तुम्ही या. तुम्हाला सगळ्यात आधी देतो. मागचं झालं गेलं. फक्त बोट लावा."

ती गेली असती तर सगळ्या गेल्या असत्या, हे सगळ्यांना कळत होतं. शेठला सगळ्यात जास्त.

हौसा उठून नसीमबीपाशी गेली आणि म्हणाली, "जा तू. लाव अंगठा. तुझ्या पोटावर मला माझं खरं करायचं नाय. कुणी तुला काय बोललं तर मी हाय."

नसीमबी उठली. गोणीची पिशवी झटकली. दुकानात गेली, आणि दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिली.

"पैले गेहूँ डाल," ती म्हणाली. "काँटे पे."

"अहो, बोट लावा, लगेच..."

"मैं येक महिना निकाली बेटा. दूसरा भी निकलता. तेरेकू निकलता क्या देख."

आमच्यात कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. पण कुजबूज थांबली. कामावरून फोन येणाऱ्या बाईनं फोन बंद करून कमरेला खोचला. आत पोती तशीच पडलेली, आणि एका अख्ख्या गल्लीनं धान्य नेलंच नाही असं मशीनमध्ये दिसलं तर वरचे विचारणार, का नाही नेलं? मग कुणीतरी पोती मोजायला येणार. ते शेठला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं आत बघितलं, बाहेर बघितलं, चष्मा पुसला. मग हमालाला म्हणाला, "काटा इकडं आण."

हौसा लगेच म्हणाली, "पिशवीत नको घालू. काट्यावर ठेव. आम्ही बघतो, मग अंगठा, मग पिशवी. तुझंही नुकसान नको." एवढं तिनं न्यायानं केलं.

नसीमबीचा गहू काट्यावर चढला. आणि मशीन बंद पडलं. सर्व्हर गेला म्हणे. शेठ म्हणाला, "बघा! आता हे उतरवतो, रेंज आली की पुन्हा बघू." हमाल पोत्याला हात घालणार तेवढ्यात हौसा जाऊन काट्याला टेकून जमिनीवर बसली, पाय पसरून. "असू दे तिथंच. गव्हाला काय घाई हाय?" शेठ म्हणाला, "मावशी, दुकान आहे हे." "मला माहिताय. मी कुठं देऊळ म्हणाले?" तिनं मला ओरडून सांगितलं, "पाटलीणबाई, घरून चहा आण. आणि आत्ताच आण, म्हंजी रेंज येईस्तवर थंड होतोय."

रेंज दुपारी आली. मग नसीमबीच्या बोटांची पाळी. उजव्या हाताचं एकही बोट मशीननं ओळखलं नाही. माझ्या सुनेनं तिचे हात कोमट पाण्यानं धुतले, कोरडे केले, थोडं खोबरेल चोळलं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. मशीननं पावती काढली. हौसानं ती ओढून घेतली आणि सातवी शिकल्याच्या तोऱ्यात मोठ्यानं वाचली, नाव, गहू, तांदूळ. काट्याशी ताडून बघितली. जुळलं. "डाव्या हाताचं मधलं," ती नसीमबीला म्हणाली. "ध्यानात ठेव. भांडी त्यानं घासू नको." संध्याकाळपर्यंत गल्लीतली शेवटची बाई धान्य घेऊन घरी गेली.

नसीमबीचा मागच्या महिन्याचा गहू मात्र परत आला नाही. गेला तो गेला.

काटा त्या दिवशी मशीनशेजारी आला तो तिथंच राहिला. शेठ काही साधू झाला नाही. माल उशिरा येतो, गव्हात खडे असतात, ते चालूच आहे. पण अंगठ्याचा वेगळा दिवस संपला. आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की ही पद्धत त्यानंच सुरू केली. हौसाला हे कळलं तेव्हा म्हणाली, "सांगू दे. स्वतःची म्हणाला की मोडणार नाय."

आता तिचा मूर्खपणाही सांगते. पुढं सरकारनं सगळ्यांची केवायसी लावली. माणूस खरा आहे का, जिवंत आहे का, याची पडताळणी. रेशन दुकानातच जायचं, मशीनवर अंगठा द्यायचा, बस. आम्ही दिला. हौसा काट्याकडं बघत उभी राहिली.

"धान्य कुठंय?"

"मावशी, हे धान्याचं नाही. केवायसीचं आहे."

"काट्यावर काय नाय, तर अंगठा पण नाय."

शेठनं खरंच समजावलं. मी समजावलं. माझी सून तर ओरडली. बाई ऐकेना. थोड्या दिवसांनी कार्डावरचं तिचं नाव थांबलं, धान्य बंद. शेठला एवढं हसताना मी कधी बघितलं नाही. मी तिला तोंडावर सांगितलं, "साळवेमॅडम, चोरानं नाही नेलं, तुमच्या अकलेनं नेलं." दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. नसीमबी तिच्या दारात भाकरी ठेवून जायची. हौसानं ती एकदाही परत पाठवली नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गुपचूप, म्हणजे तिच्या मानानं गुपचूप, जाऊन अंगठा देऊन आली. मला म्हणाली, "या वेळी नव्हतं."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी असंल."

आणि होतं. काही दिवसांनी दोन पोरं गल्लीत आली. शर्ट खोचलेले, गळ्यात ओळखपत्रं, बॅगेत छोटं मशीन. रेशनची केवायसी घरपोच करतो, नाहीतर नाव कटणार, आधार कार्ड आणा आणि अंगठा द्या. बाया घाबरल्याच होत्या, हौसाचं झालेलं सगळ्यांनी बघितलं होतं. दारादारातून आधार कार्डं बाहेर आली. माझ्या सुनेच्या मनात शंका आली, पण तिलाही खात्री नव्हती. हौसा तर एकदा तोंडावर पडलेली. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

ती त्या पोरांना म्हणाली, "देते की बाबांनो. पण ऊन लई हाय. चला शेठच्या दुकानात, तिथं सावली हाय, पाण्याचा माठ हाय. तिथं सगळ्यांचे अंगठे देतो."

पोरं म्हणाली, दुकानात जायची गरज नाही, आम्ही वरच्या ऑफिसातून आलोय.

"मग तर चलाच. वरचा माणूस आलेला बघून शेठला बरं वाटंल."

पोरं म्हणाली, आधी पलीकडची गल्ली करून येतो. ती गेली ती पुन्हा दिसली नाहीत. नंतर ऐकलं, दुसऱ्या एका वस्तीत अंगठे दिलेल्या बायांच्या बँकेच्या खात्यातून त्याच आधार-अंगठ्याच्या जोरावर पैसे काढले गेले. शेठच्या कानावर हे गेलं. तो मुद्दाम गल्लीत आला आणि म्हणाला, "मावशी, शेवटी माझ्यावरच विश्वास ठेवलात ना?"

हौसा म्हणाली, "विश्वास नाय रं. पण तुझं दुकान कुठं हाय ते मला माहिताय."

मग तिला झटका आला. डावं अंग वाचलं, उजवं गेलं. बोलणं जड झालं. थोरली लेक तिला बिडकीनला घेऊन गेली. जाताना टेम्पोत बसवली तेव्हा मी म्हटलं, बरी झालीस की ये. ती काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तिला राग आला असता.

काही महिन्यांनी मी बिडकीनला भाचीकडं गेले होते, तेव्हा तिच्या लेकीच्या घरी गेले. हौसा घरी नव्हती. लेक म्हणाली, "आई रेशनला गेलीय. ऐकत नाही. खुर्ची घेऊन जाते."

मी दुकानाकडं गेले. अनोळखी बायांची मोठी लाईन होती. तिथंही आमच्या जुन्या दुकानासारखंच होतं, मशीन पुढं आणि काटा आत कुठंतरी. बाया भराभर अंगठे टेकवून निघून जात होत्या. हौसा मशीनला लागून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, वाळलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिची पाळी आली होती. दुकानदार म्हणत होता, "आजी, लावा ना बोट." तिची नात तिचा निर्जीव उजवा हात उचलून मशीनवर ठेवायला गेली, तसा हौसानं डाव्या हातानं तो हात धरला आणि आपल्या मांडीवर परत आणून ठेवला.

"का... टा," ती म्हणाली.

दुकानदाराला कळलं नाही. नातीला कळलं, पण ती लाजली. मागच्या बाया ओरडायला लागल्या, म्हातारीला बाजूला घ्या म्हणून. मी हाक मारणार होते, मारली नाही. तिला माझी गरज दिसत नव्हती.

लाईनीतली तिच्या मागची बाई, पाठीला लेकरू बांधलेली, वाकून तिच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणाली, "काय म्हणताय आजी?"

हौसानं पुन्हा म्हटलं. त्या बाईनं ऐकलं, आत पोत्यांकडं बघितलं, आपल्या मागच्या बाईकडं बघितलं. मग दुकानदाराला मोठ्यानं म्हणाली, "काटा म्हणतीय ती. बरोबर म्हणतीय. काटा आणा की बाहेर."

माझी बस होती. मी निघाले. लाईन थांबलेली होती आणि एकही बाई अंगठा पुढं करत नव्हती.